निर्दोष ठरल्यानंतरची कोठडी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एखाद्या खटल्याच्या निकालाच्या चार ओळी छापून येतात: ‘गुन्ह्याच्या वेळी आरोपीचे चित्त ठिकाणावर नव्हते, सबब त्याची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.’ त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात जमलेल्या मंडळींत या ओळींची चर्चा होते. एकजण म्हणतो, ‘वेड पांघरून पेडगावला गेला, दुसरे काय!’ दुसरा म्हणतो, ‘सुटला बघा, उद्या मोकळा फिरेल.’ तिसरा म्हणतो, ‘अशाला ठाण्याला पाठवावे आणि दार बंद करून टाकावे.’

ही तीन वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांची दखल न घेता पुढे जाणे आता आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. यांतील पहिले वाक्य बहुधा खोटे असते. दुसरे जवळजवळ नेहमीच खोटे असते. तिसरे मात्र आपल्या देशात अनेकांच्या बाबतीत खरे ठरले आहे आणि त्याचीच आम्हांला लाज वाटते.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. १९९४ साली महाराष्ट्र पोलीस दलातील एका शिपायाने आपल्या राहत्या घरी, भरदिवसा, पत्नीच्या डोक्यात वाटणाचा दगड घालून तिचा जीव घेतला. कृत्य केल्यावर तो पळाला नाही, लपला नाही. त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात, तो आजार होता. संशयाने मन पोखरून टाकणारा त्या आजाराचा प्रकार होता. त्याच्या वडिलांनाही मानसिक आजाराने ग्रासले होते. सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. अखेर २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आजाराचा पूर्वेतिहास, घटनेनंतरचे उपचार आणि त्याचे वर्तन या सर्वांचा एकत्र विचार करून त्याला भारतीय दंड संहितेच्या ८४व्या कलमाचा लाभ दिला. ते न्यायासन गाठेपर्यंत आठ वर्षे उलटली होती. वेडाचे सोंग आणून पेडगावला जाण्याची वाट इतकी लांब आणि इतकी काटेरी असते!

हे ८४वे कलम आता भारतीय न्याय संहितेचे २२वे कलम झाले असून १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे. कलमाचा आशय मात्र १८६० सालापासून तोच आहे. कृत्य करतेवेळी चित्तभ्रमामुळे ज्याला आपण काय करीत आहोत हे कळत नाही, किंवा आपण करतो ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नाही, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. डॉक्टरने आजाराचे नाव लिहून दिले म्हणजे काम भागत नाही. नेमक्या त्या घटकेला मनाची ही अवस्था होती, हे आरोपीनेच दाखवून द्यावे लागते. १९६४ साली गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा भार दिवाणी दाव्यातील पक्षकारावर असतो तेवढाच आहे, संभवनीयतेच्या तराजूत पारडे झुकले तरी पुरे. तरीही ज्याच्याकडे जुनी औषधपत्रे नाहीत, ज्याला घरच्यांनी कधी डॉक्टरकडे नेलेच नाही, तो हा भार उचलणार कसा? सोंग घेणारे सुटतात ही आपली भीती. खरोखरीचे आजारी या कलमापर्यंत पोहोचतच नाहीत, ही वस्तुस्थिती आम्हांला अधिक भयावह वाटते.

आणि हे तत्त्व काही आधुनिकांनी काढलेली पळवाट नव्हे. आपल्या धर्मसभेच्या १९८३ सालच्या कायदासंग्रहाचे १३२२वे कलम याहूनही पुढे जाते. ज्यांची विवेकबुद्धी कायमची हरपली आहे, ते नियमभंग करताना शहाणे भासले तरी अपराध करण्यास असमर्थच समजले जावेत, असा त्याचा आशय आहे. जाणीव आणि संमती यांवाचून मर्त्य पाप घडत नाही, हे आपण प्रथम परमप्रसाद घेण्यापूर्वीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलो असतो. तेव्हा न्यायालयाने तेच म्हटले, तर ख्रिस्ती माणसाने भुवया उंचावू नयेत.

आता दुसरे वाक्य: ‘सुटला.’ वाचकहो, तो सुटत नाही. न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवितात त्याच निकालपत्रात त्याने ते कृत्य केले होते की नाही याचाही निर्वाळा द्यावा लागतो. केले होते असे ठरले, तर न्यायालयापुढे दोनच मार्ग असतात. त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश द्यावा, अथवा त्याला एखाद्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या हवाली करावे. हवाली करावयाचे तर त्या नातेवाइकाने किंवा मित्राने स्वतः अर्ज करावा लागतो. याची नीट काळजी घेईन, याच्या हातून स्वतःला वा इतरांना इजा होऊ देणार नाही आणि सरकार सांगेल त्या वेळी, सांगेल त्या अधिकाऱ्यापुढे याला तपासणीसाठी हजर करीन, अशी हमी द्यावी लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे ३३५वे कलम होते. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ते ३७४वे कलम आहे.

या व्यवस्थेत वावगे काय, असे कुणी विचारील. ज्याच्या हातून एक जीव गेला त्याच्यावर देखरेख हवीच. आम्हांलाही ती हवी आहे. परंतु सुरक्षित ताबा किती दिवस, किती वर्षे, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. चोरीबद्दल शिक्षा झालेल्या कैद्याला आपली सुटकेची तारीख ठाऊक असते. निर्दोष ठरलेल्या मनोरुग्णाला तारीखच नसते! तो बरा झाला, त्याच्यापासून कुणाला धोका उरला नाही, असा दाखला अधिकाऱ्यांनी दिला तरी त्याला सोडावयाचे की अडकवून ठेवावयाचे, हा निर्णय न्यायालय करीत नाही. राज्य सरकार करते. सरकार तसा आदेश देऊ शकते, एवढेच कायदा म्हणतो. अमुक दिवसांच्या आत दिलाच पाहिजे, असे तो म्हणत नाही. न्यायासनाने ज्याला निर्दोष म्हटले, त्याच्या दाराची किल्ली मंत्रालयातील एखाद्या कपाटात, लाल फितीच्या गाठीखाली पडून राहते.

या किल्लीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १८०० साली लंडनच्या एका नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली. तो वेडाच्या भरात होता हे ज्यूरीने मान्य केले. मग त्याला मोकळे कसे सोडावे, या चिंतेने ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी घाईघाईने कायदा केला, की अशा माणसाला राजाची मर्जी होईपर्यंत बंदिवासात ठेवावे. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या चिटणिसाला गोळी घातली. तोही वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला. त्याच्या खटल्यावरून जे नियम घडले, तेच पुढे आपल्या ८४व्या कलमाचा पाया झाले. नियमांना त्याचे नाव मिळाले. त्याला स्वतःला काय मिळाले? १८६५ साली मृत्यू येईपर्यंत, तब्बल बावीस वर्षे, तो बंदिस्तच राहिला.

राजाची मर्जी! इंग्रज गेले, राजा गेला, मर्जी मात्र राहिली. २०२३ साली आपल्या संसदेने फौजदारी कायदे नव्याने लिहिले. ‘वेड्यांचे इस्पितळ’ हा जुना शब्द गाळला, ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ हा सभ्य शब्द घातला. शब्दांची ही दुरुस्ती स्वागतार्हच आहे. पण दारावरची पाटी बदलली आणि कुलूप तेच राहिले, तर आतल्या माणसाला त्याचे काय?

या मर्जीने आपल्या देशात काय घडविले आहे, ते न्यायालयांच्या दप्तरी नोंदलेले आहे. बिहारमधील रुदुल साह याला मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडले. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षे का ठेवले, असे विचारल्यावर सरकारने सांगितले, की तो वेडा होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या म्हणण्यास आधार मागितला. तो मिळाला नाही. सरकारच्याच सांगण्यावर विश्वास ठेवला तरी १९७७ साली तो बरा असल्याचा वैद्यकीय अहवाल आला होता. मग पुढची पाच वर्षे कशासाठी? सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या न्यायासनाने १९८३ साली त्याला पस्तीस हजार रुपये भरपाई देवविली. मूलभूत हक्काच्या पायमल्लीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पैशाच्या रूपाने भरपाई देण्याचा हा पायंडा मराठी सरन्यायाधीशांच्या लेखणीतून पडला, याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण चौदा वर्षांची किंमत पस्तीस हजार, हा हिशेब मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

त्याआधी वर्षभर, १९८२ साली, हजारीबागच्या तुरुंगातील मनोरुग्ण बंदींचे प्रकरण एका पत्राच्या द्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्यांतील कित्येक बरे झाल्यानंतरही तिथेच होते. काहींच्या बंदिवासाला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आसामच्या मचांग लालुंगची कहाणी तर ऐकवत नाही. १९५१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ साली डॉक्टरांनी तो ठीक असल्याचे कळविले. त्यावर त्याला न्यायालयापुढे उभे केले नाही, घरी पाठविले नाही. गुवाहाटीच्या तुरुंगात नेऊन ठेवले. २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर पडला, तेव्हा चोपन्न वर्षे झाली होती. त्याच्यावरचा खटला कधी चाललाच नाही.

या तिन्ही प्रकरणांतील माणसे कायद्याच्या एकाच खणात बसत नाहीत, हे आम्ही जाणतो. कुणी निर्दोष ठरलेला, कुणी खटल्याच्या प्रतीक्षेतला. पण सर्वांना एकाच शब्दाने गिळले. ‘वेडा’ असा शिक्का एकदा कागदावर बसला, की तो कागद पुन्हा उघडून पाहण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ही देखरेख नव्हे. ही अडगळ आहे. देखरेख या शब्दात ‘देख’ आहे. कुणीतरी ठरलेल्या दिवशी पाहावे, विचारावे आणि पाहिल्यावर काही बदलण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा, तरच तिला देखरेख म्हणता येईल.

इथे आम्हांला एका गंभीर प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. जिचा जीव गेला, तिचे काय? तिच्या आईवडिलांचे, तिच्या मुलांचे काय? मनोरुग्णांच्या हक्कांची कैफियत मांडणारे पुष्कळदा या प्रश्नापाशी आले की घसा खाकरतात आणि पुढे जातात. आम्ही तसे करणार नाही. त्या आईला ‘कुणीच गुन्हेगार नाही’ असे ऐकावे लागणे हे एक दुसरेच मरण आहे. तिचा राग पाप नव्हे. तिला निकालानंतर काय झाले ते कळण्याचा हक्क आहे. तो माणूस घरी परतणार असेल तर आधी सूचना मिळण्याचा आणि सुनावणीत आपली भीती बोलून दाखविण्याचा हक्क आहे. आजच्या व्यवस्थेत तिलाही काही मिळत नाही. कारण जिथे सुनावणीच नाही, तिथे ती बोलणार कुणापुढे? सरकारच्या मर्जीवर चालणारा कारभार आजाऱ्याला न्याय देत नाही आणि पीडितालाही सुरक्षितता देत नाही. तो माणूस वर्षानुवर्षे अकारण आत राहू शकतो, तसाच एखाद्या दिवशी औषधाची, डॉक्टरची, निवाऱ्याची कसलीही सोय नसताना बाहेरही ढकलला जाऊ शकतो.

इतर देशांनी हा गुंता सोडविण्याची वाट काढली आहे. कॅनडातही अशा माणसाला लेफ्टनंट गव्हर्नरच्या मर्जीपर्यंत आपोआप डांबण्याची रीत होती. १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरविली. १९९२च्या कायद्याने मनोविकारतज्ज्ञासह बसणारी पुनर्विलोकन मंडळे आली. साधारणतः दरवर्षी सुनावणी होते आणि मंडळापुढे तीन पर्याय असतात: रुग्णालयात ठेवणे, अटी घालून सोडणे किंवा पूर्ण मोकळे करणे. समाजाला खरोखर गंभीर धोका नसेल तर पूर्ण मोकळीक दिलीच पाहिजे, असे १९९९ साली त्याच न्यायालयाने बजावले. मर्जीची ही कल्पना जिथे जन्मली त्या ब्रिटनलाही १९८१ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितले, की अशा रुग्णाचा प्रश्न ठरावीक काळाने न्यायासनासारख्या संस्थेपुढे गेला पाहिजे, मंत्र्याचा शब्द अखेरचा असता कामा नये. १९८३च्या कायद्याने ब्रिटनने ते मान्य केले. ज्यांच्याकडून आपण कुलूप उसने आणले, त्यांनी ते बदलले. आपण मात्र त्याला तेल घालून जपत आहोत!

आमची मागणी काही आकाशातली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्याकडेही पुनर्विलोकन मंडळांची तरतूद केली आहे. त्यांचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीकडे असते. सभासदांत मनोविकारतज्ज्ञ असतो, तसेच स्वतः आजार भोगलेले, रुग्णांची काळजी वाहणारे किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असतात. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्या तुरुंगात मनोरुग्ण बंदी नसल्याचा तिमाही दाखला मंडळाला पाठवावा, असे १०३वे कलम सांगते. केवळ घरच्यांनी नाकारले किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवू नये, असे १९वे कलम सांगते. मग या मंडळांच्या हातीच ती किल्ली का देऊ नये? निर्दोष ठरलेल्या प्रत्येक मनोरुग्णाची दर सहा महिन्यांनी सुनावणी व्हावी. त्याला सरकारी खर्चाने वकील मिळावा. पीडिताच्या कुटुंबाला बोलावले जावे. सुटका टप्प्याटप्प्याने, उपचारांच्या आणि हजेरीच्या अटींवर व्हावी. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मध्यंतरीच्या निवासांची सोय व्हावी. आणि अंतिम निर्णय न्यायबुद्धीने, कारणे लिहून दिला जावा.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. तिसरे वाक्य सरकारने नव्हे, चर्चच्या आवारात आपल्यापैकीच कुणीतरी उच्चारले होते. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मूत्रपिंडाच्या रुग्णाचे नाव वेदीवरून घेतले जाते, कर्करोगाच्या रुग्णाचे घेतले जाते. छिन्नमनस्कतेने ग्रासलेल्या मुलाचे नाव आपण कधी ऐकले आहे काय? बहिणीच्या लग्नाची बोलणी मोडतील म्हणून त्याचा आजार झाकला जातो, औषध थांबते, आणि मग एके दिवशी जे घडते ते सर्वांना अकल्पित वाटते.

मार्ककृत शुभवर्तमानातील गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस आठवावा. तो थडग्यांत राहत होता, साखळदंड तोडीत होता, दगडांनी अंग ठेचून घेत होता. त्या अवस्थेत गावाने त्याला सांभाळून घेतले होते, म्हणजे गावाबाहेर ठेवले होते. प्रभू येशूने त्याला बरे केले. तो कपडे घालून, भानावर येऊन शांत बसलेला दिसला, तेव्हा गावकरी घाबरले! साखळीतल्या वेड्याची त्यांना सवय होती; शुद्धीवर आलेल्या शेजाऱ्याची नव्हती. त्यांनी प्रभूलाच निघून जाण्याची विनंती केली. आणि तो माणूस प्रभूबरोबर जाऊ पाहत असता प्रभूने त्याला कुठे धाडले? घरी, त्याच्या माणसांत.

पण ज्याच्या घरातच रक्त सांडले, त्याने कोणत्या घरी जावे? इथे आम्हांला संत डिंफ्ना आठवते. परंपरा सांगते, की ती आयर्लंडमधील राजकन्या होती आणि दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या तिच्या पित्यानेच आजच्या बेल्जियममधील गील येथे तिचा वध केला. धर्मसभेने मनोरुग्णांची आश्रयदाती मानली ती या संतेला. वेड्याच्या हातून मेलेल्या मुलीला! तिच्या कबरीपाशी आणलेल्या रुग्णांना गीलच्या गावकऱ्यांनी मध्ययुगापासून आपापल्या घरी ठेवून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही रीत आजही जिवंत आहे आणि २०२३ साली युनेस्कोने तिची आदर्श प्रथा म्हणून नोंद घेतली. पीडिताची आठवण आणि रुग्णाचा सांभाळ ही दोन्ही कामे एकाच गावाला, एकाच कबरीपाशी जमली.

आपल्या कायद्यात दोन शब्द आहेत: नातेवाईक किंवा मित्र. ज्याचे नातेवाईक उरले नाहीत, किंवा उरले तरी ज्यांच्या जखमा अजून ओल्या आहेत, त्याच्यासाठी कायद्याने दुसरा शब्द लिहून ठेवला आहे. तो मित्र कोण? आमच्या मते प्रत्येक धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल सोसायटीने, तुरुंगभेटीचे कार्य करणाऱ्या मंडळींनी आणि आपल्यातील वकील, डॉक्टर, परिचारिका यांनी हा शब्द आपल्यासाठी लिहिला आहे असे समजावे. जवळच्या मनोरुग्णालयात न्यायालयाच्या आदेशाने आलेले, बरे झालेले आणि कुणी न्यायला येत नाही म्हणून राहिलेले किती आहेत, याची चौकशी तरी करावी. त्यांच्यातील एकासाठी अर्ज करावा, हमीपत्रावर सही करावी, ठरल्या दिवशी त्याला डॉक्टरपुढे आणि अधिकाऱ्यापुढे घेऊन जावे. हे काम जोखमीचे आहे. म्हणूनच ते एकट्यादुकट्याने नव्हे, धर्मग्रामाने मिळून करावयाचे आहे.

पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात ‘सुटला बघा’ असे कुणी म्हणाले, तर वाचकांनी त्याला एवढेच विचारावे: ‘सुटला, तर आज तो कुठे आहे, ठाऊक आहे का तुम्हांला?’